चुंबकाला न लागलेला चुरा

आमच्या ताईला विमानशाळेच्या वर्कशॉपात सगळे शंकासुर म्हणतात. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. ताईचं तोंड कधी पोळलेलं नाही, तरी ती साधं पाणीही फुंकून पिईल. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी, अंगावर लग्नाचे कपडे असताना, ती भाड्याच्या गाडीच्या चाकाशी वाकून नट बघत होती. एक ढिला निघाला. सासरच्यांना मात्र तिने कपडे मळवले एवढंच दिसलं.

लहान विमानांची इंजिनं उघडणं आणि जुळवणं हे तिचं काम. वर्कशॉपचे प्रमुख तिचाच नवरा, म्हणजे माझे भाऊजी. मी तिथेच पुढच्या टेबलावर फोन घेते, त्यामुळे हे सगळं बघायचं माझ्या नशिबी आलं.

एका विमानाच्या इंजिनाबद्दल तपासणीची सूचना आली होती. पिस्टनच्या दांड्यात पितळी बुश असतो, बोटातल्या अंगठीसारखा घट्ट बसवलेला. तो सरकायला लागला की झिजतो, आणि पुढे दांडाच मोडून इंजिन हवेत बंद पडू शकतं. म्हणून ऑइल बदलताना फिल्टर कापायचा, आतला कागद पसरून पिवळा चुरा आहे का ते बघायचं, आणि दिसला तर सिलिंडर उतरवल्याशिवाय विमान हलवायचं नाही.

शनिवारी हे काम भाऊजींनी स्वतः केलं. रविवारी त्याच विमानातून हौशी लोकांच्या फेऱ्या होत्या आणि सगळी बुकिंगं मीच घेतली होती. शनिवारीच दुपारी त्यांच्या घरी जेवताना भाऊजी म्हणाले, "चुंबक फिरवला. एक कण लागला नाही."

ताईचा घास हातातच राहिला. "पितळ कधीपासून चुंबकाला चिकटायला लागलं?"

"अरे हो की! लक्षातच आलं नाही बघ. सोमवारी बघतो." आणि गडी हात धुऊन झोपायला गेला.

ताई चिडली, पण हसलीसुद्धा. नवरा धांदरट आहे, हे तिने कधीच पदरात घेतलं होतं. तेवढ्यात भाची फुरंगटून म्हणाली, "आई, उद्या मला विमानात बसवणार होते ना? बाबा म्हणतात, वारा आहे. मग बाकीचे कसे जाणार? वारा काय मलाच लागतो?"

ताई ताटावरून उठली. मला म्हणाली, "चल."

वर्कशॉपच्या कचऱ्याच्या डब्यातून तिने फिल्टरचा कागद काढला आणि बॅटरी धरली. घडीघडीत पिवळे कण चमकत होते. ते बघायला शंकासुराची गरज नव्हती, कोणत्याही डोळसाला दिसले असते. तिने एकेक सिलिंडर उतरवायला घेतला. तिसऱ्यात बुश अर्धा जागेवरून सरकलेला होता. मला अंगावर पाल पडल्यासारखी किळस आली. त्या बुशाची नाही. जी माणसं फोनवर "लहान मुलं चालतील ना?" असं विचारत होती, त्यांचे आवाज कानात होते, आणि भाऊजी तिकडे घोरत होते.

बुकिंगं रद्द झाली. सोमवारी मालकांनी सगळ्यांना बोलावलं आणि भाऊजींच्या पाठीवर थाप मारली. "यांच्या दक्षतेमुळे वाचलो!" वाटलं, आता तरी तोंड उघडतील. पण हे आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे गृहस्थ लाजल्यासारखं हसले आणि म्हणाले, "कर्तव्यच आहे, साहेब." शी! ताई मागे उभी होती, हात ऑइलने माखलेले.

घरी ती त्यांच्याशी बोलेना. तिसऱ्या दिवशी मी तिथे असतानाच भाऊजी काकुळतीला आले. "अगं, चुकलं माझं. चुंबकाचं खरंच डोक्यात आलं नाही. माणूस आहे, होतो कधी मूर्खपणा."

ताई भांडी पुसत होती. हातातलं ताट तिने खाली ठेवलं.

"मूर्ख नवऱ्याबरोबर मी आनंदाने जन्म काढला असता," ती म्हणाली. "पण तुम्ही आपल्या पोरीला आधी उतरवलंत."