दिव्यातली पुडी

ती मोटारसायकल मला आजही पुढून आठवते. मोठा गोल दिवा, त्यावर टोपीच्या कडेसारखी पत्र्याची झापड, चकचकीत मुलामा, रुंद हँडल. तोंडवळा जुन्या काळच्या गोऱ्या साहेबाच्या गाडीचा. मागचा भाग मात्र तेव्हा रस्त्यावर दिसणाऱ्या कोणत्याही गाडीसारखा. साल ऐंशीनंतरचं. मी रत्नागिरीला हवालदार होते. लोक आता मला निवृत्त पोलीस अधिकारी म्हणतात. म्हणोत. सातवी पास बाई हवालदार झाली, तेच पुष्कळ झालं.

गाडी मी धाकट्या भावासाठी बघत होते. तो मिरकरवाडा बंदरावरच्या लिलावात मासळी घेऊन सायकलवरून आतल्या गावांत विकायचा. चढावर सायकल ढकलत पोचेपर्यंत बर्फाचं पाणी होई. त्यातच दुसऱ्या एका विक्रेत्याने मोटारसायकल घेतली आणि भावाची निम्मी गिऱ्हाइकं नेली.

"ताय, ही गाडी नाय झाली ना, तर मी मुंबयला जानार," भावाने सांगून टाकलं.

आई अंथरुणाला खिळलेली, मी दिवसदिवस ड्यूटीवर. तो गेला तर तिला पाणी कोण देणार? म्हणून गाडी हवी होती. हौस म्हणून नव्हे.

विकणारा पंचविशीचा, आतल्या गावचा, गोड बोलणारा. गाडी अलोऱ्याच्या सरकारी वसाहतीतल्या एका साहेबांची, त्यांची बदली झाली, पुढचा भाग त्यांनी हौसेने बसवून घेतला, कागद चिपळूणला आहेत, असं सगळं त्याने एका दमात सांगितलं. मी काही विचारलंच नव्हतं.

"कागद आल्यावर बघू," मी म्हटलं.

"तवर दुसरं गिऱ्हाईक येईल, बाय."

"येऊ दे."

भाऊ माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच त्याची मासळी नासवली होती. पण विकणाऱ्याला घाई असली तर तिचं कारण त्याच्यापाशी असतं. आपण ती घाई अंगावर घेऊ नये.

तपासून बघायला म्हणून गाडी मी मागून घेतली आणि ओळखीच्या मिस्त्रीकडे टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी संपते न संपते तोच मिस्त्री ठाण्याच्या दारात उभा.

"बाई, जरा चला. दिवा लुकलुकत होता म्हणून उघडला. आत काहीतरी आहे."

वायरींच्या गुंत्यात बोटाएवढी पुडी होती. दिवा नवा, वायरी नव्या, सगळं दोन महिन्यांतलं काम. पुडी मात्र जुनी. कापड मळून काळं झालेलं, खाऱ्या हवेने कडक. वर नायलॉनचा दोरा आणि जाळं विणताना मारतात ती गाठ. आमचं घर जाळी विणणाऱ्यांचं. ती गाठ मी डोळे मिटून ओळखीन.

"अंगारा असेल. दृष्ट लागू नये म्हणून ठेवतात," मिस्त्री म्हणाला.

ते मलाही कळत होतं. पण नव्या दिव्यात जुनी पुडी कशी? आणि वसाहतीतल्या साहेबाला जाळ्याची गाठ कोणी शिकवली?

भाऊ मागोमाग आलाच होता. त्यानेही गाठ ओळखली. "आपल्या मानसाची गाठ हाय, म्हंजे गाडी पन आपल्याच मानसाची. बरं झालं की!"

"त्या माणसाचं बरं झालं का, ते बघते," मी म्हटलं.

पुडी होती तिथेच ठेवायला लावली आणि फौजदार साहेबांना सगळं सांगितलं. गाडी मीच घेणार होते, हेही.

"सोडून द्या हो बाई, दुसरी बघा," साहेब म्हणाले.

"मी सोडली तर दुसरा कोणीतरी घेईल, साहेब."

स्टेशन डायरीला नोंद झाली. गाडी पंचनामा करून ताब्यात घेतली. चासीवरचा रंग खरवडला, तर आकडे कानशीने घासून पुन्हा ठोकलेले. गाडी चोरीची, हे ठरलं. कोणाची, ते ठरेना. जुन्या फिर्यादी काढल्या. पूर्णगडच्या एका नाखव्याची मोटारसायकल तीन महिन्यांपूर्वी मिरकरवाड्याहून गेली होती. पण तिचा नंबर वेगळा, रंग वेगळा, पुढचा भाग तर अगदीच साधा.

मी नाखव्याला नाही, त्याच्या आईला बोलावलं. अशी पुडी घरातली बाईच बांधते. पुडी न दाखवता आधी जबाब लिहून घेतला.

"गाडीत काही ठेवलं होतं?"

"तर! देवीचा अंगारा. माज्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात. संगती सुपारीचं खांड. पोराने दिव्यात ठेवलान."

"गाठ कोणी मारली?"

"मी. जाळ्याचीच मारली. मला दुसरी येते कुठं?"

पंचांसमोर पुडी सोडली. घडीच्या आत कापड हिरवं होतं. अंगाऱ्यात सुपारीचं खांड.

मग विकणाऱ्याला आणलं. दोन तास तो साहेबांच्या बदलीवरून हलेना. मी जास्त विचारलं नाही. पुडी परत बांधून टेबलावर ठेवली. टेबलाखाली त्याने पायांतल्या वहाणा काढल्या. कोर्टात त्या गोष्टीला किंमत नव्हती. मला तेवढं पुरलं.

"जुना दिवा फेकलास, मग हीच का राखलीस?"

"देवीचं हाय ते, बाय. कुठं टाकू?"

"आणि गाडी उचललीस तेव्हा देवी कुठं गेली होती?"

"गाडी मानसाची," तो म्हणाला, "अंगारा देवीचा."

पुढे फार वेळ लागला नाही. गाडी ओळखू येऊ नये म्हणून काढलेला तिचा मूळ दिवा आणि पुढचा सांगाडा त्याने दाखवलेल्या पडक्या विहिरीतून निघाला.

भाऊ महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मुंबईलाही गेला नाही. सायकल ढकलत राहिला, आणि जाताना-येताना मला ऐकू जाईल असं खोकत राहिला. मी दुसरी गाडी शोधत राहिले. हे त्याला सांगितलं नाही, कारण सांगून गाडी मिळत नाही.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. चोर रंग बदलतो, नंबर बदलतो, तोंडवळासुद्धा बदलतो. ज्याला तो भितो, ते मात्र त्याला टाकवत नाही. पुढच्या प्रत्येक तपासात हा माणूस कशाला भितो, हेच मी आधी शोधलं. मारहाणीपेक्षा ते लवकर होतं.

चार महिन्यांनी गाडी मिळाली. दिसायला कुरूप, पण कागद हातात. आधी मिस्त्रीकडून दिवा उघडवला. आत वायरींशिवाय काही नव्हतं. मग घेतली. संध्याकाळी भाऊ आपल्या देवीच्या अंगाऱ्याची पुडी घेऊन आला आणि दिव्याशी उभा राहिला. मी हसेन असं त्याला वाटलं असावं.

"ठेव," मी म्हटलं. "पण गाठ आईकडून मारून आण. उद्या जबाब द्यायची वेळ आली तर तिला ओळखता आली पाहिजे."