अरुणाबाईंची दुपारची शिकार

जयंतराव बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा निरोप समारंभात त्यांना शाल आणि नारळ मिळाला. शाल त्यांनी खांद्यावर घेतली आणि नारळ सगळ्यांसमोर कानाशी धरून हलवून बघितला. आत पाणी आहे अशी खात्री पटल्यावरच त्यांनी आभाराचं भाषण सुरू केलं. समोरची मंडळी हसली. जयंतरावांनी मात्र ते विनोदाने केलं नव्हतं.

माणूस मुळात वाईट नव्हता. जन्मभर एकच काम केलं की ते अंगात भिनतं, तसं त्यांचं झालं होतं. दक्षिण गुजरातभरच्या शाखा त्यांनी तपासल्या आणि त्यांची पद्धत ठरलेली असे. आधी कळवायचं नाही. शाखा उघडली की ग्राहकासारखं कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसायचं आणि नुसतं बघायचं. कोण कुणाच्या टेबलाशी घुटमळतो, कोण कुणाला डोळ्याने खुणावतो, हे सगळं मनात टिपून झालं की दुपारी सावकाश उठून ओळखपत्र काढायचं. ते बघताच समोरच्याचं धाबं दणाणत असे. या पद्धतीने त्यांनी खरोखरच दोन-चार बडे मासे पकडले होते, त्यामुळे पद्धतीत काही खोट असू शकते हे त्यांना कधी वाटलंच नाही.

निवृत्तीनंतर अडाजणच्या फ्लॅटमध्ये तपासायला शाखा नव्हत्या. मग दूधवाला होता, लिफ्ट दुरुस्त करणारा होता, सोसायटीचा वॉचमन होता. तेही तपासून संपले, आणि या पावसाळ्यानंतर जयंतरावांची नजर घरात वळली. घरात एकच माणूस होतं, अरुणाबाई.

अरुणाबाई गोडादऱ्याच्या मराठी शाळेत शिक्षिका होत्या. खानदेशातून कापडाच्या कामाला आलेल्यांची पोरं त्यांनी वर्षानुवर्षं शिकवली. नवऱ्याचा स्वभाव त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखला होता आणि सोडूनही दिला होता. पण अलीकडे त्यांच्या वागण्यात असं काही काही दिसू लागलं होतं की जयंतरावांच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली.

पहिली गोष्ट, कुरियरवाला आला की त्या सही करत नसत. "अहो, तुम्हीच करा ना," म्हणून आत निघून जात. बँकेच्या लॉकरला जायचं म्हटलं की त्यांचं डोकं दुखायचं. जो सही टाळतो तो काहीतरी लपवतो, हे जयंतरावांनी कितीतरी नव्या अधिकाऱ्यांना शिकवलं होतं. दुसरी गोष्ट, त्या योगाच्या वर्गाला म्हणून मंगळवारी बाहेर पडत, आणि मंगळवारी तो वर्ग बंद असतो हे जयंतराव स्वतः जाऊन बघून आले होते. चहाचा कप अर्धाच भरून येऊ लागला होता. दारातली रांगोळी जाऊन तिथे बाजारातलं स्टिकर आलं होतं. एकेक गोष्ट क्षुल्लक, पण सगळ्या एकत्र ठेवल्या की कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की.

आणि पाचवी गोष्ट म्हणजे ती शिकार.

मुलगा आदित्य नोकरीला बंगळूरला गेला तेव्हा हातात धरून खेळायचा एक व्हिडिओ गेम कपाटात टाकून गेला होता. दोन बाजूंना बटणं, मध्ये पडदा. अरुणाबाईंनी तो एक दिवस काढला, पुसला आणि चार्जिंगला लावला. तेव्हापासून दुपारचा चहा झाला की त्या आतल्या खोलीत जात, फोनवर कॉल लावून कानात इयरफोन घालत आणि तो गेम हातात घेऊन बसत. चौघांनी मिळून जंगलात जायचं आणि एका अजस्र जनावराला मारायचं, असा तो खेळ होता. बाकीचे तिघं आपापल्या घरून खेळत. ते कोण, हे अरुणाबाईंनी सांगितलं होतं, "आहेत हो ओळखीची पोरं." एवढंच. जयंतरावांनी पुढे विचारलं नाही, कारण विचारलं की समोरचा सावध होतो.

ते दाराबाहेर पेपर घेऊन बसायला लागले. आतून अरुणाबाईंचं एकटीचंच बोलणं ऐकू येई. "तुम्ही पुढे व्हा, मी मागून येते." मग हसणं. असं हसणं या घरात पुष्कळ वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि जयंतरावांना त्याचा आनंद व्हायच्या ऐवजी संशय आला. म्हाताऱ्या माणसांशी गोड गोड बोलून ओळख वाढवायची आणि एक दिवस खातं धुऊन न्यायचं, अशा टोळ्यांच्या बातम्या ते रोज मोठ्याने वाचून दाखवत असत. त्यातच एका दुपारी त्यांनी आतून स्पष्ट शब्द ऐकले.

"नाही रे, यांना अजून काही बोलले नाही. सांगेन. बघते कसं जमतं ते."

जयंतरावांच्या हातातला पेपर तसाच राहिला. आता शंकेला जागाच उरली नव्हती. आपली बायको कुणाच्या तरी जाळ्यात सापडली आहे आणि ती आपल्याला सांगायला घाबरते आहे. खरं सांगायचं तर पैशाची भीती त्यांना दुय्यम होती. बाकी सगळ्या जगावर त्यांचा अविश्वास होता, पण अरुणा आपल्यापासून काही लपवत नाही या एका गोष्टीवर ते आजवर निर्धास्त होते. तीच जागा हलली होती. त्या रात्री जेवताना त्यांना घास गोड लागला नाही.

संधी दुसऱ्याच दिवशी चालून आली. अरुणाबाई नुकत्याच आत जाऊन बसल्या होत्या, तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या किरणबेनने दार वाजवलं. "अरुणाबेन, जरा आवो ने, मारी गॅसनी शेगडी पेटतीज नथी!" अरुणाबाई गेम आणि फोन पलंगावर तसेच ठेवून गेल्या. जयंतराव उठले. दार आड केलं, इयरफोन कानात घातले. पडद्यावर डोंगर, झाडं आणि हातात स्वतःहून मोठा हातोडा घेतलेली एक वेणीवाली बाई उभी होती. खाली प्रश्न होता, तयार आहात का? फोन वाजत होता. त्यांनी तो घेतला, आपला आवाज तिकडे जाऊ नये म्हणून माईक बंद केला, आणि गेमवर जे बटण सगळ्यात मोठं दिसलं ते दाबलं.

"चला, बाई आल्या!" एका मुलीचा आवाज आला. "बाई, माईक बंद आहे वाटतं तुमचा. असू दे, आम्ही बोलतो."

"बाई, आज त्याला सोडायचा नाही," दुसरा आवाज तरण्या पोराचा होता, खानदेशी बोलीतला. "महिनाभर त्यानी मागे पडेल शेतस आपण."

तिसरा हिंदीत म्हणाला, "याद रखना, चारों में मिलके तीन बार कोई गिरा, तो गया सब."

बाई? जयंतरावांनी कान टवकारले. बाई तर कुणीही कुणाला म्हणतं. त्यांनी ठरवल्याप्रमाणे केलं. कोपऱ्यात उभं राहायचं आणि बघायचं.

शिकारीत कोपऱ्यात उभ्या राहिलेल्याचं काय होतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. डोंगराआडून एक प्रचंड काटेरी जनावर धावत आलं, त्याने शेपूट फिरवलं आणि वेणीवाली बाई हवेत उडून आडवी झाली. पडदा काळा झाला आणि ती पुन्हा तंबूपाशी उभी दिसली.

"एक गेला," तिसरा म्हणाला.

"होतं असं, बाई. या सावकाश," मुलगी म्हणाली.

जयंतरावांनी दोन पावलं टाकली आणि पुन्हा थांबले. जनावर वळलं. इतक्यात तो पोरगा मारायचं सोडून मधे येऊन उभा राहिला. तडाखे त्याने स्वतःच्या अंगावर घेतले आणि औषधाची बाटली वेणीवालीवर उधळली. बघणाऱ्या कुणालाही त्यात माया दिसली असती. जयंतरावांना त्यात विश्वास संपादन करण्याची युक्ती दिसली. या विचारात असतानाच जनावराने तोंडातून आग ओकली आणि वेणीवाली दुसऱ्यांदा आडवी झाली.

"बाई, तठे कसाले उभ्या? पया ना!" पळा म्हणून पोरगा कळवळून ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, मना मागे मागे या. डाव्या हाताले गुहा शे, तो तठे येत नही. तुम्ही नुसत्या बसा, आम्ही मारतस."

आडोशाला चला म्हणतोय! जयंतरावांना हवा होता तो पुरावा मिळाला. यांच्या मागे जायचं नाही. त्यांनी गुहेकडे पाठ केली, अंगठा जोरात उलट दिशेला दाबला, आणि अरुणाबाईंचा हातोडा खांद्यावर घेतलेली ती बाई सरळ जनावराच्या जबड्यात चालत गेली.

पडद्यावर लाल अक्षरं आली. शिकार फसली. चौघांचीही.

 आता खरे रंग दिसतील म्हणून जयंतरावांनी इयरफोन कानात आणखी दाबले.

"धना, आज बाईना हात जास्तच कापी राह्यना वाटस," तो पोरगा हळूच म्हणाला.

"हो रे कुंदन, माझ्याही लक्षात आलं," मुलगी म्हणाली. "बाई, गोळी घेतली ना सकाळची? मंगळवारी या सेंटरला, मी आधी तुमच्या बोटांचे व्यायाम करून घेईन, मग बाकीच्यांचे. हरलो त्याचं मनाला लावून घेऊ नका हं. पण बाई, काकांना सांगा ना आता. कंपवात काही लपून राहणारा नाही. लखन, तू हसू नकोस मधे."

"मैं कहाँ हँसा," तिसरा म्हणाला. "मैं तो बोल रहा था, काका को बताओगे तो वो डॉक्टर पे भी शक करेंगे. बाई ने ही बोला था."

जयंतराव पलंगावर बसले. सही, मंगळवार, अर्धा कप, रांगोळी. सगळं त्यांनी पाहिलं होतं. एकही गोष्ट सुटली नव्हती. फक्त ज्या हाताने ती होत होती, तो हात त्यांनी बघितला नव्हता.

दार लोटून अरुणाबाई आत आल्या. नवऱ्याच्या कानात इयरफोन, हातात गेम, आणि पडद्यावर लाल अक्षरं. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

"किती वेळा पडलात?" त्यांनी विचारलं.

"तीनदा. तिन्ही वेळा मीच."

"आणि पोरांशी बोललात?"

"नाही."

"म्हणजे मीच आहे असं समजून पोरं बोलली ती तुमच्याशी." अरुणाबाईंचा चेहरा रागाने लाल झाला. वर्गात कुणी दुसऱ्याची पाटी पुसली की त्या अशाच लाल होत. "धनश्री आणि कुंदन माझे विद्यार्थी आहेत. ती व्यायामाच्या सेंटरमध्ये काम करते, तो कडोदऱ्याला एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर आहे, लखन त्याचा तिथलाच सोबती. रात्रपाळी करून आलेला पोरगा झोप मोडून माझ्यासाठी खेळायला बसतो. का, तर डॉक्टरांनी बोटं हलती ठेवा म्हणून सांगितलं. आणि तुम्ही त्यांची शिकार घालवलीत."

"मला का नाही सांगितलंस?" जयंतरावांनी विचारलं.

 हात पदरात गुंडाळून घेत अरुणाबाई म्हणाल्या, "माझा हात चुकला तर ही पोरं म्हणतात, बाई, मागे राहा, आम्ही आहोत. तुमच्यासमोर चहा सांडला तर तुम्ही विचारता, सांडला कसा? मला तुमच्या नजरेखाली थरथरायचं नव्हतं हो. बाकी जे व्हायचं ते होवो."

जयंतरावांना हे लागलं. फार लागलं. खोडून काढता येईल असं त्यात काही नव्हतं.

"बाई? बाई, आहात ना?" इयरफोनमधून धनश्रीचा आवाज येत होता. "परत जायचं का?"

अरुणाबाईंनी फोनकडे बोट केलं. "सांगा त्यांना. कोण होतं ते सांगा."

उभ्या आयुष्यात जयंतरावांनी आपली ओळख नेहमी समोरच्याला पकडल्यावर सांगितली होती. आज उलटं होतं. त्यांनी माईक सुरू केला.

"मी... मी अरुणाचा नवरा बोलतोय. जयंत. मघापासून मीच होतो. बाई शेजारी गेल्या होत्या. तुम्ही कोण ते बघायला मी गुपचूप बसलो, आणि माझ्यामुळे तुमची शिकार गेली. चुकलं माझं."

 पलीकडे लखन काहीतरी पुटपुटला. मग कुंदनच बोलला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती काळजी होती.

"काका, शिकारनं जाऊ द्या. बाईना हात कसा शे आज?"

साधा प्रश्न होता. हाताच्या अंतरावर बायको उभी होती, आणि जयंतरावांना उत्तर येत नव्हतं.

"मला माहीत नाही रे," ते म्हणाले. मग त्यांनी कानातले इयरफोन काढले आणि अरुणाबाईंकडे मान वर करून बघितलं. "अरुणा, कसा आहे हात?"

अरुणाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. प्रश्नामागे आणखी काही आहे का, हे आता त्या तपासत होत्या. मग त्या पलंगाच्या कडेला टेकल्या आणि पदरातून हात बाहेर काढून मांडीवर ठेवला. तो थरथरत होता.

"आज वाईट आहे," त्या म्हणाल्या.