घरी जाऊन सांगणारी मुकादमीण

आमची मुकादमीण तुरीचा दाणा दाताखाली फोडायची. कट्ट आवाज आला तर माल कोरडा, नुसता दबला तर ओला. "ओली शे, परत उन्हात घाला," म्हणायची. मग व्यापारी कितीही अक्का-अक्का करो, दुसऱ्यांदा दाणा तोंडात घालायची नाही. जळगावच्या डाळमिलमध्ये चाळीस बाया तिच्या हाताखाली डाळ निवडायच्या. मी तिथेच मशीनवर होतो. ती माझी बायको, पण गेटच्या आत मीही तिला अक्काच म्हणायचो. नाहीतर चाळीसजणींसमोर माझी काढली असती.

तोंड फार वाईट. माहेर धुळ्याकडचं, म्हणून घरात आणि रागात जास्त करून अहिराणी. एकीच्या सुपात खडे सापडले, तर म्हणाली, "हाई डाळ तुना नवराले घाल. त्याना दात तसाबी पडेल शेतस." सगळ्या हसल्या. ती बाई रडत बसली. अक्काने तिला साधं पाणी विचारलं नाही.

पण कुणाला कामावरून कमी करायचं असलं, किंवा एकीची जागा दुसरीला द्यायची असली, की ती आदल्या संध्याकाळी त्या बाईच्या घरी जायची. उंबऱ्याशी बसायची, तिच्या हातचा चहा प्यायची आणि सांगायची. शिव्या पडल्या तर खाली मान घालून खायची. सकाळी सगळ्यांना गोळा करून, त्या बाईला शेजारी उभी करून सांगायची, हिने इतकी वर्षं केलं, आता ही दुसरी करेल. मला म्हणायची, "जिची जागा जाते तिला सगळ्यांच्या आधी कळलं पाहिजे. नाहीतर सगळ्या तिचं तोंड बघतात, आणि तिला ते लपवायला कुठे जागा नसते."

मोठे शेठ घरी बसले, मुलगा गादीवर आला. दाण्याचा रंग ओळखणारं मशीन आलं. एका शनिवारी त्याने मला बाजूला घेतलं. "नाना, सोमवारपासून बायांवर धुळ्याच्या मॅडम राहतील. अक्कांना तुम्हीच सांगा घरी. माझ्यावर चिडतील." एवढी मोठी गाडी दारात, आणि एका बाईला घाबरला. मी मनात हसलो. हसायला माझं काय जात होतं?

रविवारी तिने भरीत केलं. तुरकाठीवर भाजलेली वांगी, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. पहिली भाकरी झाली की सांगू, म्हटलं. मग दुसरी झाली की. तीन खाल्ल्या, हात धुतला आणि आडवा झालो.

सोमवारी गेटच्या आत एक तरणी मुलगी वही घेऊन उभी होती. अक्काला म्हणाली, "मावशी, नवीन का? त्या शेवटच्या रांगेत बसा." मग ती खड्यांवाली बाई मोठ्याने म्हणाली, "अक्का, सूप देऊ का माझं?" आणि मिल हसली. चाळीसजणींनी इतक्या वर्षांचं उसनं एका सकाळी फेडलं.

मी दहा पावलांवर होतो. मशीन बंदसुद्धा केलं नाही. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जाऊन शेवटच्या रांगेत बसली. दिवसभर निवडलं. दुपारी एक दाणा फोडून म्हणाली, "मॅडम, ही ओली शे." मॅडम म्हणाली, "मशीन बघेल, मावशी."

घरी येताना तिने विचारलं, "तुम्हले ठाऊक व्हतं का?"

"नाही," मी म्हणालो.

"शेठ म्हणे, तुम्हले शनिवारीच सांगेल व्हतं."

मिलमध्ये ती पुन्हा गेली नाही.

दोन वर्षांनी तिचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरकडे एकटीच गेली. परत आली, चहा केला, मला उंबऱ्याशी बसवलं आणि म्हणाली, "पोटमा गाठ शे. डॉक्टर म्हणे, चार महिने. बठ्ठास्ना पहिले तुम्हले सांगस." सगळ्यांच्या आधी मला सांगत होती. मी रडायला लागलो. "च्या थंडा व्हई ऱ्हायना," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बाया बोलावल्या. मला शेजारी उभं करून सांगितलं, "मी चालले. आता घर नाना पाहतील. त्यांना काही येत नाही, हसू नका." मग चार महिने मला शिकवत राहिली. जळतं वांगं हाताने उचलायला लावलं. हात भाजला तर म्हणाली, "माझाबी भाजे. तुम्ही कधी पाहिलं का?" माझं पहिलं भरीत तिने थुंकून टाकलं.

शेवटच्या आठवड्यात तिने विचारलं, "त्या रविवारी का नही सांगं?"

खोटं सुचत होतं. पण ती समोर होती. "भरीत चांगलं झालं होतं," मी म्हणालो.

"इतलंच?"

"इतकंच."

तिने भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, झोपली.

"मीठ जास्त व्हतं त्यामा," ती म्हणाली.

आता रविवारचं भरीत मी करतो. तिच्यासारखंच होतं. ती गेल्यावर चव गेली असं लोक लिहितात. माझी गेली नाही. तीन भाकरी जातात.