मफलरमागची दाढ

बदलापूरची थंडी निसर्गाने निर्माण केली असेल, पण तिची सगळी देखभाल आमचे साडूभाऊ करतात. डिसेंबर लागला की पहाटे उठून गॅलरीत पारा बघायचा आणि मला अंबरनाथला फोन लावायचा, "आमच्याकडे बारा! तुमच्याकडे?" दोन्ही गावं शेजारी-शेजारी, पण आमचा आकडा ऐकून ते असे हळहळतात, जणू मी वाळवंटात दिवस काढतोय. त्यांच्या घरी गेलं की स्वेटर सक्तीचा. घामाने निथळत मी तिथे कितीदा पोहे खाल्लेत! नाही म्हणायची माझी प्राज्ञा नाही. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान पडले.

त्यामुळे यंदा नाताळच्या सुट्टीत ते भर दुपारी कानापासून हनुवटीपर्यंत मफलर गुंडाळून बसले, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. मला मात्र आतल्या खोलीत ओढून त्यांनी मफलर खाली केला. उजवा गाल पुरीसारखा टम्म! खालची दाढ ठणकत होती, तोंडात लवंग.

"अहो, डॉक्टरकडे चला!"

"हळू बोला. पोर आलीय." त्यांची मुलगी तिच्या छोटीला घेऊन बंगलोरहून आली होती. "मागच्या वर्षी आली, तर माझा मोतीबिंदू. डोळ्यात थेंब घालता घालता तिची सुट्टी संपली. यंदा माहेरपणाला आलीय, नर्स म्हणून नाही. ती जाईपर्यंत तुम्ही गप्प."

मी मान डोलावली. दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की मीच तारीख पुढे ढकलतो; मी कसला आग्रह करणार?

खरी पंचाईत शेतातल्या पोपटीच्या बेताला झाली. दर हिवाळ्यात बारवी धरणाच्या वाटेवर एका मित्राच्या शेतात साडूभाऊ मडकं भरतात. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वर भांबुर्डीचा पाला. मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा, आणि पहिला दाणा चावून त्यांनी "झाली!" म्हटल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. त्यांनी दाणा चावला. डोळ्यांत टचकन पाणी.

"झाली," ते कसेबसे म्हणाले. "धूर फार आहे."

धूर माझ्याकडे येत होता.

"बाबा, जाळाजवळ तरी मफलर काढा," मुलगी म्हणाली.

"बदलापूरची थंडी तुम्हा बंगलोरवाल्यांना काय कळणार!"

ती क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने बटाटा आणि अंडं अगदी मऊ कुस्करलं, मीठ घातलं आणि द्रोण पुढे केला. "छोटीसाठी केलं होतं, खात नाहीये. तुम्हीच संपवा."

छोटी केव्हाच वरणभात खाऊन चटईवर झोपली होती. साडूभाऊंनी डाव्या बाजूने, सावकाश, सगळं संपवलं. 

मुलगी गेली त्याच दिवशी मी त्यांना उल्हासनगरला नेलं. दाढ काढून झाल्यावर सिंधी डॉक्टरीणबाई रागावल्या, "अंकल, इतने दिन रुके क्यूँ?"

कापसाच्या बोळ्यातून ते म्हणाले, "बेटी आयी थी."

परतताना रिक्षात त्यांनी मफलर सोडला आणि मांडीवर नीट घडी घातली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आज पारा किती?"

"बघितला नाही," ते म्हणाले. "यंदा थंडी लवकर गेली."