ही वायर खंय जाता?

कोणाच्याही घरी गेले की बाबीकाका आधी वायरी बघायचे, माणसं नंतर. टीव्हीच्या मागे वाकायचे, एखादी वायर बोटाने धरून भिंतीपर्यंत जायचे आणि विचारायचे, "ही वायर खंय जाता गो?" उत्तर मिळालं की मगच चहा. टेलिफोन खात्यात लाइनमन होते, उभा जन्म खांबांवर गेला, तिथलीच ही खोड. दुसरी ओळख म्हणजे माझ्या वडिलांच्या भजनात ते पखवाज वाजवायचे.

माझे वडील डबलबारीचे बुवा. डबलबारी म्हणजे दोन बुवा आपापली मंडळं घेऊन समोरासमोर बसणार आणि अभंग-गजर गाता गाता एकमेकांना कोपरखळ्या मारणार. चाली बहुतेक सिनेमातल्या, शब्द विठ्ठलाचे. बाबा गेले तेव्हा त्यांचा आवाज तेवढा माझ्या फोनमध्ये उरला होता. त्या सगळ्या बाऱ्या मी व्हिडिओच्या एका मोठ्या साइटवर चढवल्या, आणि फोन भरला म्हणून फोनमधून पुसून टाकल्या. बाबीकाकांना मोठ्या कौतुकाने दाखवायला गेले.

"बरा केलंस," ते म्हणाले. "पण बुवांचो आवाज आता ऱ्हवता खंय?"

"कंपनीकडे."

"आणि कंपनी खंय ऱ्हवता?"

मला रागच आला. मी तशी तापट, बाबांचं नाक आणि राग दोन्ही माझ्याकडे आलेत. म्हटलं, "काका, तुमका सगळीकडे वायरच दिसता!" ते हसले आणि चहाचा कप खाली ठेवून निघाले.

वर्ष झालं नसेल, तोच नोटिसा सुरू झाल्या. चाल अमक्या सिनेमाची, हक्क तमक्याचे. मी इंग्रजीत लांबलचक विनंत्या लिहिल्या; उत्तर दर वेळी तेच, यंत्राने पाठवलेलं. एका सकाळी बघते तर पानच गायब. माझ्या हाताने मी बाबांना दुसऱ्यांदा घालवलं होतं. काकांच्या पडवीत बसून मी लहान पोरीसारखी रडले.

"मी तुका सांगलेलंय," असं ते म्हणाले नाहीत. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, आणि मीही भांडले असते. ते एवढंच म्हणाले, "आवाज गावतलो, सोदून काढूया. पखवाज मी वाजवलंय मगे. खंय खंय बारी झाली, माका म्हायत आसा."

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली. आमच्याकडे बारी झाली की पाच-पन्नास मोबाइल वर असतात, आणि ती भजनं मग मेमरी कार्डात भरून रिक्षांतून, टपऱ्यांवर वाजत राहतात. काका कुणकेश्वरला गेले, आंबोलीच्या एका भजीवाल्याकडे गेले, बांद्याच्या रिक्षास्टँडवर जाऊन बसले. तिथे त्यांना इस्माईल भेटला. रिक्षावाला, आणि बुवांचा असा भक्त की प्रतिस्पर्धी बुवाचं नाव काढलेलं त्याला खपत नसे. सगळ्यात जास्त बाऱ्या त्याच्याच कार्डात निघाल्या. एकीत बाबा कडवं विसरतात आणि स्वतःच खो खो हसतात. ते हसणं मी विसरून गेले होते. काकांनी ते मला तीनदा लावून दाखवलं.

मग त्यांनी पडवीत एक जुना संगणक मांडला, पखवाजाच्या शेजारी. या वयात महिनोन्महिने वाचून, चुकून, लोकांना विचारून इंटरनेटवर स्वतःचं ठिकाण उभं केलं. पत्ता दिला की कोणीही, कुठूनही बुवांची भजनं ऐकावीत. मध्ये कंपनी नाही. "बाबीक याड लागला," असं वाडी म्हणायची. काका म्हणत, "आगोटीक पावसाच्या चार म्हयन्यांचा सुका म्हावरा, मीठ-मिरची आपण घरात भरतंव मां? मगे आवाजच कित्याक दुकानदाराकडे ठेवचो?"

मी विचारलं, "आणि तो चालीवालो तुमच्या घराक इलो तर?"

"येवंदे. च्या घालतंय, बारी आयकवतंय, काय ता समजावतंय. तुज्या कंपनीक दार तरी खंय होता, ठोठावक?"

पण एकच घर म्हणजे धोका, म्हणून त्यांनी तीन घरं केली. एक स्वतःचं, एक बांद्याला इस्माईलचं, एक माझं. माझ्या टीव्हीमागे सगळी भजनं भरलेली काळी डबी ठेवली. एक बंद पडलं की तोच पत्ता दुसऱ्या घरातून चालतो, असं सांगितलं. जाताना बजावलं, "बटान बंद करू नको."

आता माझं पाप सांगते. चवथीला गणपतीच्या माळेसाठी प्लग हवा होता. मी डबीची पिन काढली. गणपती गेले, माळ गेली, पिन तशीच राहिली. त्यानंतर काका एकदा येऊन गेले. वायरींकडे नुसतं बघितलं, प्रश्न काही विचारला नाही, चहा घेऊन गेले. मला वाटलं, म्हातारे झाले.

मार्गशीर्षात काका गेले. झोपेतच गेले. तेरावं झाल्यावर काकी लेकीकडे गोव्याला जायला निघाल्या आणि कोणीही करील तसं घराचं मेन स्विच खाली करून गेल्या. मला ते संध्याकाळी कळलं. त्यांचं बंद, माझं बंद. तरी फोनवर पत्ता लावून बघितला. बाबा गायला लागले.

मी इस्माईलला फोन केला. तो म्हणाला, "माजो चालू आसा मां, बाय. तुमचो चवथीपासून बंद आसा."

"तुका कसा कळला?"

"काका सांगी होते. 'बुवांचा चेडू तापट, रागान नायतर घायीन बटान बंद करतला, म्हणान एक तुज्याकडे ठेवतंय,' असा पयल्याच दिवशी म्हणाले. मागीर तुमचो बंद पडलो तेवा म्हटलंय, जावन लावन येवया काय? तर म्हणाले, 'नको. आपण लावलो तर ता परत काढतला. तेचा तेका लावंदे.'"

मी फोन ठेवला. टीव्हीच्या मागे वाकले, डबीची वायर बोटाने धरली आणि भिंतीपर्यंत गेले. पिन खाली लोंबत होती. तिच्यावरची धूळ पदराने पुसली आणि ती लावली.