तिच्या आवाजातली मेथी

भूत, चकवा, अंगात येणं... असल्या गोष्टींवर मी आयुष्यभर हसत आलो. पारावर कोणी सांगू लागलं की मीच म्हणायचो, "बापा, जेवन कमी करत जाय." आता माझं वाचून तुम्ही हसाल. हसा, माझी काही हरकत नाही.

मी मेडशीजवळचा. विहिरीवर दीड एकर भाजीपाला लावतो आणि लोडिंग ऑटोत टाकून वाशिमच्या कॉलन्यांमधून विकतो. ऑटोवर भोंगा, भोंग्यात पेनड्राइव्ह आणि त्यात माझ्या बायकोचा, सुशीलेचा आवाज... "वांगे घ्या, टमाटे घ्या, ताजा सांबार घ्या वो बाई!" सांबार म्हणजे आमची कोथिंबीर. ती ठणठणीत होती तेव्हाचं हे रेकॉर्डिंग. आवाज असा खणखणीत, की बाया पोळी तव्यावर टाकून खाली यायच्या.

मागच्या हिवाळ्यात आम्ही पहिल्यांदा मेथी टाकली. तेव्हा सुशीलेला छातीचा आजार झाला होता. चार शब्द बोलली की धाप लागायची. एक दिवस म्हणे, "भोंग्यात मेथी नाई ना जी. मी बोलतो, तुमी भरून घ्या." मी वाफ्याला पाणी देत होतो, कावलेलो होतो. बोलून गेलो, "कायले? असा दम लागेल आवाज कोन ऐकीन?"

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि घरात गेली. पंधरा दिवसांनी गेलीच. माझी जीभ झडली का नाही तेव्हा, असं मला आजही वाटतं.

यंदा पुन्हा मेथी आली. मनात एकच होतं — भोंग्यात मेथी यावी, आणि ती तिच्याच आवाजात. मुलगी पल्लवी अकोल्याला शिकते. ती म्हणाली, "बाबा, गाने बनवाचं सॉफ्टवेअर असते, त्यात आवाज कापता येते, जोडता येते. फक्त नव्या मानसाले सोपं जाईन असं पाहा." तिनं सेकंडहँड लॅपटॉप घेतला होता, सुशीला गेल्यावर... हे लक्षात ठेवा. तो माझ्याजवळ ठेवून गेली.

पहिलं सॉफ्टवेअर उघडलं आणि घाम फुटला. मोटरीच्या स्टार्टरला दोन बटणं, इथं दोनशे! दुसरं फुकट म्हणून घेतलं, तर सगळं करू देई आणि सेव्ह करायच्या वेळेला पैसे मागे. तिसरं मात्र सोपं निघालं. आवाजाच्या पट्ट्या एकाखाली एक, आपल्या वाफ्यांसारख्या, आणि एक लाल बटण. नवीन शिकणाऱ्यांनी असलंच घ्यावं.

वरच्या पट्टीत सुशीलेची आरोळी टाकली. फोनवर पल्लवी सांगत होती, तिच्याच शब्दांचे तुकडे कापून मेथी जुळवा. दोन दिवस खपलो. पण 'थी' आणायचा कुठून? तिच्या आरोळीत तो कुठंच नव्हता. शेवटी हरलो. म्हटलं, आपल्याच आवाजात टाकू.

दुपारचे दोन-अडीच असतील. मोटरीचा आवाज नको म्हणून मळ्यात लाइन बंद असताना ऑटोच्या काचा चढवून बसलो. लाल बटण दाबलं, "मेथी घ्या" म्हणालो, थांबवलं. मग ऐकलं.

वांगे घ्या, टमाटे घ्या, ताजा सांबार घ्या वो बाई... आणि त्यानंतर — "मेथी... घ्या वो... मेथी." मधे दम लागलेला. शेवटी तो बारीक खोकला. माझा आवाज नव्हताच. सुशीला होती ती. ठणठणीत सुशीला नाही हो... त्या शेवटच्या पंधरा दिवसांतली.

मी स्टेअरिंगवर डोकं ठेवून हमसून हमसून रडलो. मग पल्लवीला फाइल पाठवली. ऐकून तिनं लगेच फोन लावला. म्हणाली, "बाबा, आईचं हे कवा भरलं होतं?" मी म्हटलं, "भरलंच नाई ना, माय." तिनं नंतर घरी येऊन लॅपटॉप, पेनड्राइव्ह, माझा फोन, सगळं धुंडाळलं. त्या पट्टीवर तारीख त्याच दुपारची होती. आईचं दुसरं रेकॉर्डिंग कुठंच सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तीच फाइल भोंग्यात टाकून वाशिमला गेलो. सुशीला गेल्यापासून तिकडं फेरी बंदच होती; वर्षभरानं ऑटो कॉलनीत शिरला होता. सुशीलेला ओळखणारी एक जुनी गिऱ्हाईक बाई खाली आली, दोन जुड्या घेतल्या. जाताजाता थांबली, भोंग्याकडं पाहिलं.

"काहून वो भाऊ, सुशीलाबाईले दम लागून राह्यला काय? बऱ्या हायेत ना?"

वाफ्याला पाणी देत होतो त्या दिवशी मी सुशीलेला हेच विचारायला पाहिजे होतं.

"हाव, बरी हाय," मी म्हणालो.

त्या पट्टीत आवाज कुठून आला, हे मला अजून कोणी सांगू शकलं नाही. अन् त्या बाईशी मी खोटं काहून बोललो, हे मलाही सांगता येत नाही.