अक्कानं सही केली नाही

अक्का गेल्याची बातमी फोनवर आली, ती समईचं चित्र आणि ‘त्यागमूर्ती’ ही पदवी सोबत घेऊनच. अहमदपूरच्या शाळेत आम्ही दोघींनी एकाच स्टाफरूममध्ये उमेदीची वर्षं काढली. ती इंग्रजी शिकवायची, मी मराठी. शोकसभेत तिच्या धाकट्या भावानं, दत्तानं, हाच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला. हार मोठा होता, स्पीकर त्याहून मोठा. मी गप्प बसले, कारण शोकसभेत खरं बोलणं आपल्याकडे असभ्य मानतात. म्हणून इथं लिहिते: अक्कानं कशाचाही त्याग केला नाही. तो तिच्याकडून करवून घ्यायचा प्रयत्न मात्र झाला होता... मी तिथं होते.

वडील वारल्यावर दत्तानं तिला निलंग्याच्या रजिस्ट्री ऑफिसात बोलावलं. शेतातला हिस्सा भावाच्या नावे सोडायचा, बदल्यात साडी-चोळी घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून त्याला माया म्हणायचं, ही आपल्याकडची रीत. अक्कानं मला सोबत नेलं. टेबलावर हक्कसोडपत्र होतं, शेजारी साडीचा बॉक्स.

“अक्का, कर की सही. लई येळ झालाय.”

“दत्ता, इंग्रजीत फॉरफिट म्हणजे काय रे?”

“हक्क गमावणं. तूच शिकवलंस की.”

“अर्धंच शिकवलं. शब्द जुन्या फ्रेंचमधला. तिथं त्याचा अर्थ गुन्हा. त्याच्याही मागं लॅटिन, मर्यादेबाहेर केलेलं काम. गुन्हा केला की माणसाची मालमत्ता जायची. मग त्या जाण्यालाही तोच शब्द चिकटला. आधी गुन्हा, मग जप्ती. आता माझा गुन्हा सांग, लगेच सही करते.”

दस्त लिहिणारा हसला. “बाई, रीतच हाय. समद्या बहिणी करतात.”

“मग समद्यांचे गुन्हे सांगा. मला घाई न्हाई.”

“माहेर तुटंल, अक्का,” दत्ता हळूच म्हणाला.

तेव्हा मात्र तिची मान खाली गेली... मग पेनाला टोपण लावत ती म्हणाली, “तुटलं तर तू तोडलेलं असंल. मी हितंच हाय.”

साडी टेबलावरच राहिली. पुढं वाटणीत तिला बांधाकडचा खडकाळ तुकडा मिळाला. दत्तानं तेवढी काळजी घेतली होती. त्यात एक चिंच. नागपंचमीचं बोलावणं बंद झालं. अक्का रडली, हे मी पाहिलं आहे. पण सणादिवशी ती एसटीनं निघाली आणि स्वतःच्या चिंचेखाली बसून तिनं पुरणाची दिंडं खाल्ली. घरचं कुणी फिरकलं नाही. पुढच्या वर्षी तिनं चिंचेला झोका बांधला. तेव्हा दत्ताची लेक सुरेखा धावत आली, मागोमाग गल्लीतल्या पोरी. मग दर पंचमीला हेच.

यंदाच्या पंचमीला मी तिथं गेले. झोक्यावर सुरेखा होती, आता लग्न झालेली. दत्ता बांधावर उभा.

“घरात दुखवटा हाय अन् झोका कसला? उतर. उद्या निलंग्याला जायचंय, सहीला.”

“आत्यानं मृत्युपत्रात तुकडा माझ्या नावानं केलाय, अण्णा. चिंचेसकट.”

“म्हणून तर सही पायजे!”

सुरेखा झोक्यावर उभी राहिली. तिनं झोक्याला जोर दिला. झोका बांधापर्यंत येऊ लागला, तसं दत्ताला मागं सरावं लागलं.